धाव

वडिलांच्या उशाशी रात्र काढताना डॉक्टरांच्या बोलण्यात ‘रन’ सारखा येई. ‘ही इज रनिंग अ फीवर’, सलाईन हळू रन होऊ द्या, आणखी दोन टेस्ट रन करू. बाबांना मात्र कूस बदलायलाही माझा हात लागे. सलाईनच्या कुपीत एक थेंब फुगायचा, थरथरायचा, सुटायचा; तोवर वर दुसरा जमलेला.

ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले. त्यांच्यातल्या पीटर गिलिव्हर यांना त्या कामाला नऊ महिने लागले. त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’चा होता, १९८९च्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ. नदी, नाक, दुकान, निवडणूक, सगळ्यांना एकच ‘रन’. या चिकाटीपुढे मी मनापासून हात जोडतो.

आपल्या बोलण्यात ‘रन’ आला मुख्यतः क्रिकेटमधून. आपली धाव निराळी. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, मोटेचे बैल उतरतात ती विहिरीची धाव, संकटात देवाचा धावा. त्या रात्री मी तो केला का, आठवत नाही.

मोट थांबली, तशी विहिरीची धावही बोलण्यातून जाते आहे. घरात जुनी माणसं असतील, तर असे शब्द त्यांना आजच विचारून लिहून ठेवा.