दादाची जिप्सी

आमच्या घरी जेवताना विषय एकच : इंजिन. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला आप्पांचा लेथ आता दादा चालवतो आणि उरलेला सगळा जीव त्याच्या जुन्या जिप्सीत. १२९८ सीसी, ८० अश्वशक्ती. तिला मातीवरच्या ऑटोक्रॉस शर्यतींत उतरवायचे, हे त्याचे वेड. गेल्या हंगामात ती मागे पडू लागली आणि घरात यक्षप्रश्न उभा राहिला : टर्बो बसवावा, की आहे त्याच इंजिनाचा श्वास मोकळा करावा?

मी पडले मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी. दादाने मला ते भाकरी मोडता मोडता समजावले. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एरवी वायाच जायचा. त्यावर एक चक्र फिरवायचे. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. १९७७ साली रेनॉने फॉर्म्युला वनमध्ये इतरांच्या ३००० सीसीपुढे १५०० सीसीचे टर्बो इंजिन आणले, तेव्हा ते इतक्यांदा धूर ओकी की लोक गाडीला 'पिवळी किटली' म्हणून हसत. १९७९ साली रेनॉच्या टर्बोने फ्रान्समधली शर्यत जिंकली आणि हसणे थांबले. हे सांगताना दादाचे डोळे काय चमकतात!

पण नुसते वारे भरून भागत नाही. दाबलेली हवा तापते, तिला निववायला इंटरकूलर हवा. पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकू लागते, म्हणून पिस्टन बदला, कॉम्प्रेशन उतरवा, ईसीयू नव्याने जुळवा. दुसरी वाट त्यामानाने साधी : हेडमधल्या वाटा कोरून गुळगुळीत करायच्या, कॅमशाफ्ट बदलायचा, एक्झॉस्ट मोकळा करायचा. पदरात पडते थोडेच, तेही इंजिन वरच्या फेऱ्यांत ओरडू लागल्यावर. मात्र पाय दाबला की ताकद हजर. टर्बोसारखी क्षणभर ताटकळत ठेवत नाही.

महिनाभर वाद चालला. एका रात्री दादाने हात धुता धुता सांगून टाकले, "टर्बो नको. ऑटोक्रॉसला वळणामागून वळण. तिथं ताटकळायला वेळ कुणाला?" आईने सुस्कारा सोडला. मलाही पटले.

पंधरा दिवसांनी वर्कशॉपात पेन शोधताना त्याची हिशेबाची वही उघडली. टर्बोची यादी, पुढे आकडे, खाली बेरीज. बेरजेखाली माझ्या एम.ए.साठी पुण्याच्या वसतिगृहाचे पैसे. आणि वरच्या यादीवर एकच आडवी रेघ.

वळणांचे कारण काही खोटे नव्हते. पण ते मागाहून सुचले असावे.

मी बोलले नाही. आमच्या घरात असले बोलण्याची पद्धत नाही. रविवारी तो हेड कोरायला बसला तेव्हा बॅटरी धरून शेजारी बसले. अॅल्युमिनियमचा चुरा त्याच्या भुवयांवर साचला होता.

"हात हलवू नकोस गं," तो म्हणाला.