वाटाड्याच्या पाठीमागे

कांजूरमार्ग हे मुंबईच्या उपनगरांतील एक गजबजलेले ठिकाण. पूर्वेस द्रुतगती महामार्ग, त्यापलीकडे मिठागरे, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्ग आणि पवईकडे चढत गेलेल्या टेकड्या. तेथे राहणारे एक गृहस्थ गेली पंचवीस वर्षे मोटारसायकलीवरून कामावर जात-येत असत. शेजारपाजारचे सगळे त्यांना मामा म्हणत. येथेही त्यांना मामाच म्हणू. पावसाळ्यात कोणत्या वळणावर पाणी तुंबते, कोणता खड्डा बुजवल्यासारखा दिसतो पण बुजवलेला नसतो, हे सारे त्यांना पाठ होते. सह्याद्रीतील बहुतेक घाट त्यांनी आपल्या फटफटीवरून पालथे घातले होते. मात्र दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसणे त्यांना मुळीच रुचत नसे.

एका दिवाळीच्या सुट्टीत मामा आणि त्यांची महाविद्यालयात शिकणारी सख्खी भाची व्हिएतनाम देश पाहावयास निघाली. हनोई या राजधानीच्या उत्तरेस सुमारे 300 किलोमीटरवर, चीनच्या सीमेला भिडलेला हा-जियांग नावाचा डोंगराळ मुलूख आहे. जुलै 2025 पासून तो प्रांत शेजारच्या तुएन-क्वांग प्रांतात विलीन झाला, तरी प्रवाशांच्या तोंडी जुनेच नाव आहे. त्या डोंगरांना वळसा घालणारी साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासची एक वाट आहे. जगभरचे प्रवासी मोटारसायकलीवरून तीन-चार दिवसांत ती पुरी करतात. आपण ती स्वतः गाडी हाकून पुरी करावी, हा मामांचा फार दिवसांचा मनोरथ होता.

तो पहिल्याच दिवशी ढासळला. परदेशात वाहन चालवण्याचे परवाने निरनिराळ्या आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे दिले जातात. भारतात मिळणारा परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसार असतो आणि व्हिएतनाम मानतो तो 1968 च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला. तेव्हा मामांच्या खिशातील कागद तेथे कोरा असल्यासारखाच होता. अशा पाहुण्यांसाठी त्या मुलुखात वाटाडे असतात. वाटाड्या गाडी चालवतो, पाहुणा मागे बसतो. भाडोत्री फटफटीवर मागे बसून जाणे व्हिएतनामात जुनेच आहे. तिला तिकडे ‘से-ओम’ म्हणतात. ‘से’ म्हणजे गाडी आणि ‘ओम’ म्हणजे मिठी. मागचा माणूस पुढच्याला धरून बसतो, म्हणून ही मिठीगाडी!

मामांचा वाटाड्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, ह्मोंग जमातीचा, अंगाने बारीक तरुण होता. भाचीसाठी दुसरी गाडी आणि दुसरा वाटाड्या होता. मामांच्या तरुणाला इंग्रजी कामापुरते येत होते. त्याने मामांना लवून म्हटले, “बाक!”

मामांनी इकडेतिकडे पाहिले. भाचीला हसू आवरेना. “मामा, तो तुम्हांला शाळेतले बाक म्हणत नाही हो! वडिलांपेक्षा वयाने मोठ्या माणसाला हे लोक बाक म्हणतात. नुसते ‘तुम्ही’ म्हणण्याची यांची रीतच नाही. प्रत्येकाला नात्यानेच हाक मारायची.”

“मग ठीक आहे,” मामा म्हणाले, “आपल्याकडेही तसेच.” पण ते गाडीवर बसले ते काहीशा नाराजीनेच.

पहिला दिवस दोघांनाही जड गेला. त्या देशात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. समोरून मालमोटार आली की मामांचा जीव डावीकडे ओढ घेई. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबू लागे. वळणावर गाडी आत झुकली म्हणजे मागच्यानेही तिच्याबरोबर झुकावे लागते. मामा मात्र सवयीने अंग ताठ करीत, आणि मग गाडी किंचित हेलकावे. तरुणाने दोन वेळा गाडी थांबवली. रागावला नाही. आपल्या खांद्यावर हात ठेवून त्याने खुणेने दाखवले, की वळण ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे पाहा. एवढीच त्याची शिकवण. मामांनी ती ऐकली, पण पाय काही ऐकेना.

क्वान-बा नावाची खिंड ओलांडली आणि येन-मिन्ह मागे पडले, तेव्हा डोंगरांचे रूपच बदलले. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. त्याचा काळा कातळ पाण्याला सहसा दाद देत नाही. डोंग-वानचे पठार मात्र चुनखडकाचे आहे. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल बनते, आणि चुनखडक त्यात हळूहळू विरघळत जातो. लक्षावधी वर्षे हे चालल्यामुळे तेथे दगडांचे सुळके, भेगा आणि खोल विवरे झाली आहेत. 2010 साली युनेस्कोने या पठाराला भू-उद्यानाचा मान दिला. पण मान मिळाला म्हणून पाणी मिळत नाही! पडलेला पाऊस भेगांतून थेट पाताळात जातो. त्यामुळे गावोगावी उंचावर बांधीव तळी करून पावसाचे पाणी अडवून ठेवावे लागते. आपल्या शहापूर तालुक्यातही आषाढ-श्रावणात धो धो पाऊस असतो आणि वैशाखात बायांच्या डोक्यावर हंडे असतात. मामांना ते ठाऊक होते. तळ्याशी उभ्या असलेल्या बाया पाहून त्यांनी नुसती मान हलवली.

आणि तरी त्या दगडांत शेती होते. दोन सुळक्यांच्या मध्ये ओंजळभर माती असली, तर त्या ओंजळीत मक्याचे दाणे पेरतात. माती नसेल तेथे पाठीवरच्या करंडीतून ती वाहून आणतात. मका काढून झाला होता. कणसांच्या माळा घरांच्या वळचणीला टांगल्या होत्या, आणि उतारांवर कुट्टूची गुलाबी-पांढरी फुले पसरली होती. रात्री एका घरी मुक्काम झाला. मका दळून, दोनदा वाफवून केलेले ‘मेन-मेन’ नावाचे अन्न पानात आले. ते कोरडे असते. रश्शाबरोबर खावे लागते. मामांना त्यात वरईच्या भाताची चव सापडली. भाचीला ती सापडली नाही, पण तिने पान स्वच्छ केले.

दुसरा दिवस उन्हात गेला. तिसऱ्या दिवशी डोंग-वानहून मेओ-वाकला जायचे होते. अंतर अवघे वीस-बावीस किलोमीटर. पण मध्ये मा-पी-लेंगची खिंड. या नावाचा अर्थ घोड्याच्या नाकाचा उंचवटा असा सांगतात. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला शेकडो मीटर खाली न्यो-क्वे नदी. रात्री पावसाची मोठी सर येऊन गेली होती आणि सकाळी सारे धुक्यात बुडाले होते. मामांना घाई होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हनोईची बस गाठायची होती आणि तिच्यानंतर लगेच विमान.

खिंडीच्या अर्ध्या वाटेवर तरुणाने एकाएकी गाडी थांबवली आणि यंत्र बंद केले. मागची गाडीही थांबली. पाऊस नव्हता, वाहन बिघडले नव्हते. भाची म्हणाली, “मामा, विचारू का काय झाले?”

मामांनी हात वर करून तिला गप्प केले. कड्याच्या बाजूच्या गटारातून पाणी वाहत होते. मघापर्यंत ते नितळ होते. आता ते तांबूस, गढूळ झाले होते. वर कोठेतरी बारीक खडे टिक टिक करीत ओघळत होते. तरुण ते ऐकत उभा होता, आणि मामाही.

ही ओळख मामांना कोठून होती? 18 जुलै 2021 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत अतोनात पाऊस कोसळला. चेंबूरला आणि कांजूरमार्गच्या शेजारच्या विक्रोळीत टेकडीच्या उतारावरील घरांवर दरड आली, आणि झोपेतली माणसे त्याखाली गेली. पहाटे मदतीला धावलेल्यांत मामा होते. उतारावरून आधी गढूळ पाणी आले होते, मग खडे, असे वाचलेल्या लोकांनी त्यांना सांगितले. तेव्हापासून पावसाळ्यात टेकडीखालून जाताना त्यांची नजर प्रथम पाण्याच्या रंगाकडे जाई.

मामांनी तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने गटाराकडे बोट केले. तरुणाने चमकून मागे पाहिले. दोघांत एकही शब्द झाला नाही. गाड्या वळल्या आणि दोन वळणे मागे, कडा जेथे आत सरला होता तेथे, एका चहाच्या टपरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

एवढ्यात पाठीमागून चार-पाच परदेशी तरुण आपापल्या गाड्यांवरून आले. वाटाड्याने रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरले. ते चिडले. पाऊस नाही, काही नाही, आणि हा कोण अडवणारा, असा त्यांचा भाव होता. त्यांतील एकाने गाडी बाजूने काढण्याचा यत्न केला. तेव्हा मामाही उठले आणि वाटाड्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पांढऱ्या केसांचा माणूस रस्त्यात उभा आहे म्हणून म्हणा, किंवा भाचीने इंग्रजीतून सारे समजावले म्हणून म्हणा, ते थांबले. चहा मात्र रागारागाने प्यायले.

वीस मिनिटे गेली असतील. मग पुढच्या वळणापलीकडे एखादी मालमोटार खडी ओतते आहे असा आवाज झाला. धुक्यामुळे दिसले काहीच नाही. आवाज थांबल्यावर ओल्या मातीचा वास तेवढा आला. त्या परदेशी तरुणांपैकी ज्याने गाडी काढण्याचा यत्न केला होता, तो हातातला पेला खाली ठेवायचा विसरून उभा राहिला.

रस्ता मोकळा व्हायला दुपार टळून जाणार होती. त्या भागात दरडीचे भय नवे नाही. सप्टेंबर 2024 मध्ये यागी वादळाने व्हिएतनामच्या उत्तरेत तीनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. टपरीवर बसल्या बसल्या तरुण बोलू लागला, आणि भाची त्याचे बोलणे मराठीत सांगू लागली. हा रस्ता 1959 ते 1965 या काळात बांधला गेला. पूर्वी येथून मीठ आणावयाचे झाले तरी माणसांना कित्येक दिवस डोंगर चालावा लागे. सोळा जमातींचे तरुण-तरुणी पहारी, हातोडे आणि करंड्या घेऊन आले. मा-पी-लेंगच्या कड्यावर पाय ठेवायलाही जागा नव्हती. तेथे काही जणांनी कमरेला दोर बांधून, कड्याला लोंबकळत अकरा महिने खडक फोडला. कित्येक परत गेले नाहीत. या रस्त्याला ‘सुखाचा रस्ता’ असे नाव दिले गेले. “माझ्या आजीने पाठीवरून दगड वाहिले,” तरुण म्हणाला. “ती म्हणते, डोंगर फोडला तो आम्ही, पण तो आमचा झाला नाही. त्याला अजून विचारूनच जावे लागते.”

मग मामांनी आपल्या बोरघाटाची गोष्ट सांगितली. 1863 मध्ये त्या घाटातून रेल्वे सुरू झाली, आणि तो मार्ग करताना हजारो मजूर दगावले. खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. गोऱ्या साहेबांना घाटात वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरांच्या पायवाटेने ती दाखवली, असे लोक सांगतात. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. इतिहासाच्या कागदांत हे असो वा नसो, घाट चढणारे वाहनचालक त्या देवळापुढे नाणे टाकून जातात.

“वाट दाखवणाऱ्याचे देऊळ?” तरुणाने दोनदा विचारले. भाचीने दोनदा हो म्हटले.

तिसऱ्या प्रहरी यंत्राने दरड बाजूला केली. मोठे दगड यंत्राने उचलले, लहान गावकऱ्यांनी आणि थांबलेल्या प्रवाशांनी. मामांनी बाह्या वर केल्या होत्या आणि तो चिडका परदेशी तरुण त्यांच्या पुढ्यातला दगड धरीत होता. मग गाड्या हळूहळू पलीकडे निघाल्या. वाट ओली आणि निसरडी होती, एकामागून एक वळणे होती. मामा वाटाड्याच्या आतल्या खांद्यावरून पुढे पाहत होते, आणि गाडी हेलकावत नव्हती.

खिंडीच्या माथ्यावर धुके फाटले. सातशे-आठशे मीटर खोल तू-सानच्या दरीत न्यो-क्वे नदी पाचूच्या दोऱ्यासारखी पडली होती. भाची छायाचित्रे काढण्यात गुंतली. माथ्यावर रस्ता बांधणाऱ्या तरुणांचे स्मारक आहे. मामा तेथपर्यंत चालत गेले, खिसे चाचपून पाच रुपयांचे एक नाणे त्यांनी शोधून काढले आणि स्मारकाच्या पायरीवर ठेवले. वाटाड्याने ते दुरून पाहिले. तो काही बोलला नाही. त्याने गाडी सुरू केली, मागचे आसन आपल्या बाहीने पुसले, आणि हाक मारली, “बाक!”