टाकी न लागलेला दगड

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. रांजणखळग्यांचा धडा आला की माझं एक वाक्य ठरलेलं असे : नदी दगड कोरत नाही, दळते. वाक्य पोरांच्या लक्षात राही. पण ते माझं नव्हतं.

१९८४चा उन्हाळा. कॉलेजातले आम्ही चौघे पुण्याहून पहाटेच्या एसटीनं शिरूरला, तिथून मिळेल त्या गाडीनं टाकळी हाजीला आणि पुढं पायी कुंडावर गेलो. समोरच्या काठाला निघोज, मध्ये कुकडी. काळ्या बेसॉल्टात नदीनं चिंचोळी घळ पाडलेली, अन् दोन्ही अंगांना खडकात रांजणच रांजण. कुठं घागरीएवढे, कुठं उभा माणूस बुडेल असे, कुठं दोघांमधली भिंत फुटून एकच झालेले. पाणी खाली गेलेलं म्हणून एवढं दिसलं.

मी वही उघडून मित्रांपुढं शहाणपण पाजळत होतो. भोवरा, घर्षण, वगैरे. मळगंगेच्या दर्शनाला आलेली एक म्हातारी शेजारच्या खडकावर भाकरी सोडून बसली होती.

"काय वाचतूस रं?"

"पाण्यानं दगड कसा कोरला ते, आजी."

तिनं खळग्याच्या आतून हात फिरवला. "कोरला न्हाय. कोरला असता तर टाकीचं घाव दिसलं असतं. जलमभर लोकांच्या जात्या-पाट्याला टाकी लावली म्या. हात लावून बघ की."

लावला. आतली बाजू गुळगुळीत, वाटीसारखी.

"ह्ये दळलंय. पाणी खुंटा वढतंय, आन् त्यो बघ, तळाचा गोटा दळतुया."

तळाशी खरंच गोल गोटे होते. पुरात खाचेत अडकायचं, गरगरत खाच रुंदावायची, आपणही झिजायचं. माझ्या वहीत हे सगळं होतं, फक्त मला कळलेलं नव्हतं. आणि मी जन्मापासून घरात जातं पाहत होतो!

तिनं आम्हाला भाकरी-ठेचा दिला. चौघांनी मिळून तिची जवळजवळ सगळी शिदोरी संपवली, हे एसटीत बसल्यावर ध्यानात आलं. नावही विचारलं नव्हतं. भाकरीचं ऋण एक वेळ सोडा, भुकेल्या पोरांना वाढणारी ती बाई होती. वाक्याचं काय? एकदा एका मुलीनं वर्गात विचारलं, "सर, हे तुम्हाला कसं सुचलं?" मी नुसता हसलो. ते हसणं आजही मला टोचतं. सांगायला कितीसा वेळ लागला असता?

निवृत्तीनंतर पुन्हा कुंडावर जाऊन आलो. घळीवर आता झुलता पूल आहे.

घरचा पाटा पार गुळगुळीत झालाय, चटणी वाटली जात नाही. टाकी लावायला गल्लीत कोणी येत नाही.