दोन रकाने

ऑक्टोबर 2023 मध्ये मी भोपाळला आले तेव्हा नात 14 महिन्यांची होती आणि मला 34 वर्षांच्या मास्तरकीचा माज होता. अमरावती जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पहिली-दुसरीचे वर्ग घेता घेता किती पोरं हाताखालून गेली, याचा हिशेब नाही. त्यामुळे एवढंसं लेकरू सांभाळायला काय लागतं, असं म्हणत दोन बोचकी घेऊन परतवाडा-बैतूलमार्गे निघाले. पहिलीत येणाऱ्या पोराला चालायला, बोलायला, चड्डी सावरायला कुणीतरी आधीच शिकवलेलं असतं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

सून सतपुडा भवनात नोकरीला. तुलसी नगरातलं सरकारी क्वार्टर तिच्याच नावावर. मुलगा मंडीदीपच्या कारखान्यात, सकाळी सातलाच कंपनीच्या बसला पळायचा. सुनेचे आजोबा 1956 साली नागपूरहून इथे आले. राज्यपुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली, भोपाळची झाली आणि फायलींच्या मागोमाग कारकूनही आले. त्यांची मराठी या क्वार्टरांमध्ये अजून ऐकू येते, फक्त हिंदीच्या खांद्यावर हात टाकून चालते. "आई, दूध संपून गेलं, मी भैय्याला सांगून देते," असं सून म्हणते. सुरुवातीला मी मनातल्या मनात लाल शाई काढत असे.

पहिली काळजी चालण्याची. नात रांगतही नव्हती, बसल्या बसल्या बूड घासत खोलीभर सरकायची. शेजारणी विचारायच्या, "आंटीजी, अभी तक चली नहीं?" आणि माझा जीव खालीवर व्हायचा. डोस पाजायला आम्ही जयप्रकाश जिल्हा रुग्णालयात जायचो. आजूबाजूच्या क्वार्टरांच्या आकड्यावरून जुने लोक त्याला अजून 'बारह सौ पचास' म्हणतात. तिथे मिळालेलं माता-बाल कार्ड मी एका दुपारी चष्मा लावून वाचलं. मुलींसाठी गुलाबी तक्ता, मुलांसाठी निळा. वजनाचा ठिपका हिरव्या पट्ट्यात होता. मग सुनेने फोनवर जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास काढून दाखवला. दिल्लीतल्या मुलांसह पाच देशांतल्या निरोगी मुलांवर केलेला. आधाराशिवाय चालायचं वय त्यात साधारण 8 ते साडेसतरा महिने असं आहे, आणि शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत. साडेनऊ महिन्यांची ऐसपैस मुदत! शाळेत मी एकाच जूनमध्ये साऱ्यांना एकाच पानावर आणायचे. साडेपंधरा महिन्यांची असताना नात ओसरीवरून अंगणात पाच पावलं टाकत गेली आणि कडुनिंबाला जाऊन थडकली.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. पहिले दोन महिने मी तिला मोबाइल दाखवून भरवलं. गाणी लागली की तोंड आपोआप उघडायचं, वरणभात आत जायचा, अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत. ती माझ्याकडे बघत नव्हती, घासाकडेही नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा नकोच, असं बालरोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडून सांगतात हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दुपारी एकला कंबर धरलेली असताना ते पाळणं वेगळं. सुनेने एकदा नुसतं बघितलं, बोलली काही नाही. त्या न बोलण्यानेच मोबाइल कपाटावर गेला. पुढचा आठवडा आकांताचा होता. मग नातीने वाटीत हात घालायला सुरुवात केली. भात केसात, वरण माझ्या पदरावर, चार शितं पोटात. पण ते शीत दोन बोटांच्या चिमटीत धरून तोंडापर्यंत न्यायचा तिचा उद्योग मी पहिल्यांदाच नीट बघितला. पेन्सिल धरता न येणारी कितीतरी पोरं मी पहिलीत बघितली होती. त्यांच्या बोटांवर तेव्हा चिडायचे.

या शोधाच्या भरात डिसेंबरात मी तिला मटार सोलायला बसवलं. शेंग उकलायची, दाणा काढायचा, वाटीत टाकायचा. खेळणी कशाला हवीत, असं मी शेजारच्या भाभीजींना ऐकवत होते, तेवढ्यात एक दाणा नाकात गेला. डॉक्टरांनी तो काढला आणि शांतपणे सांगितलं की दाणे, फुटाणे, शेंगदाणे हे या वयात नाकात गेले तर निदान बरं, श्वासनळीत गेले तर पंचाईत. त्यानंतर शेंगा मी सोलल्या, तिच्या वाट्याला रिकामी टरफलं आली. तिची त्याला काही हरकत नव्हती.

आता बोलण्याचं. वीस महिने झाले तरी शब्द सहा-सात. मी मात्र दिवसभर अखंड बोलत होते. हा बघ कावळा, ही बघ चिऊ, पाणी हवं? भूक लागली? बाहेर जायचं? घरात मराठी, अंगणात हिंदी, त्यातून कामवाली बाई बुंदेलीत बोलायची. एका ओळखीच्या बाईंनी सल्ला दिला, एकच भाषा ठेवा, पोरगी गोंधळली आहे. एका खासगी प्ले-स्कूलवाल्यांनी घरी येऊन पत्रक दिलं. दीड वर्षापासून प्रवेश, इंग्रजीतून, 'मूल मागे पडण्याआधी'. हे शेवटचे शब्द माझ्या डोक्यात दोन रात्री फिरत राहिले. सुनेला मी हळूच म्हटलंही, की आपणही हिंदीच बोलू या का? ती म्हणाली, "आई, मग तुम्ही तिच्याशी काय बोलणार?" खरंच होतं. माझी हिंदी भाजीवाल्यापुरती.

वाट सापडली ती अंगणवाडीत. आमच्या अंगणवाडीतली दीदी दर महिन्याला वजन घ्यायची. अंगणवाडी ही कल्पना ताराबाई मोडकांची. 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा त्याच्या अंगणात न्या, असा साधा हिशेब. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना 33 गटांत सुरू झाली, आणि हा मराठी शब्द ('आँगनवाड़ी' होऊन) देशभर गेला. डी.एड.ला मी यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. आणि आता सत्तरीच्या उंबरठ्यावर नातीला कडेवर घेऊन त्याच दारात उभी होते.

दीदीने आधी मला दटावलं. कान तपासले का? बोट दाखवून वस्तू मागते का? हाक मारली की वळते का? तुम्ही दाखवाल तिकडे बघते का? बोट दाखवत होती, वळत होती, बघत होती. कान मात्र तपासले नव्हते. तपासून घेतले, ठीक निघाले. ('आमचाही तीन वर्षांनीच बोलला' हे वाक्य कान तपासायच्या आधी कुणाकडूनही ऐकून घेऊ नये.) दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही, हे कान तपासणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी सांगितलं. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजा, म्हणाल्या.

मग अंगणवाडीत परत गेलो तेव्हा दीदी पंधरा मिनिटं नुसती आमच्याकडे बघत बसली. नातीने पाण्याच्या मडक्याकडे मान वळवली, मी पेला भरला. तिने दाराकडे बघितलं, मी चप्पल उचलली. दीदी हसून म्हणाली, "माताजी, आप तो बोलने का मौका ही नहीं देतीं।"

घरी येईपर्यंत मी रागातच होते. चौतीस वर्षं मुलांना बोलतं केलं म्हणून शाबासक्या घेतल्या, आणि ही पंचविशीतली पोर मला सांगते! पण रात्री अंथरुणावर आठवत गेले. माझा वर्गही तसाच होता. प्रश्न मी विचारायचे, तीन सेकंद थांबायचे, उत्तरही मीच द्यायचे आणि पोरं एका सुरात ते पुन्हा म्हणायची. त्यालाच मी बोलतं करणं म्हणत होते.

दुसऱ्या दिवसापासून पेला हातात धरून थांबायला लागले. मनात दहा आकडे मोजायचे. हे सोपं असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने करून बघावं. पाचव्या आकड्याला जीभ वळवळते. नात पेल्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची, हात पुढे करायची, चिडायची. चौथ्या दिवशी 'पा' म्हणाली. मी "पाणी, पाणी हवं" म्हटलं आणि दिलं, एवढंच. टाळ्या पिटल्या नाहीत, सुनेला फोन मात्र केला. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारची 'नवचेतना' नावाची मार्गदर्शिका आली, जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, 36 महिन्यांत 140 कृती. मी वाचून काढली. त्यातलं बरंचसं आमच्या आयांनी न वाचता केलं होतं, त्यामुळे थोडा अभिमानही वाटला. पण आमच्या आयांना आठ लेकरं होती, प्रत्येकाच्या मागे पेला घेऊन फिरायला त्यांना सवड नव्हती. तेवढं त्यांचं न केलेलंही कामी आलं असणार.

जून 2024 मध्ये तुलसी नगर आणि शिवाजी नगरच्या जुन्या क्वार्टरांच्या जागी मंत्री-आमदारांसाठी नवे बंगले बांधायचा बेत पुढे आला. 29 हजार झाडं जाणार, अशी बातमी होती. 2016 मध्येही स्मार्ट सिटीच्या वेळी इथे असाच विरोध झाला होता आणि तो प्रकल्प टी.टी. नगरला हलवला गेला. या खेपेला बायका झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या. मी नातीला घेऊन गेले. बायका घोषणा देत होत्या आणि ही खाली बसून मुंग्यांची रांग बघत होती. मी काहीच सांगितलं नाही, शेजारी टेकले. बराच वेळ गेला. मग तिने मुंगीवर बोट ठेवलं, ती बोटावर चढली, आणि ही घाबरून ओरडली, "आजी, चीटी!" दोन शब्दांचं तिचं पहिलं वाक्य हिंदी-मराठी मिश्र होतं. थोड्याच दिवसांत सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. झाडं राहिली, मुंग्याही.

शाळेची सवय सुटत नाही, म्हणून एका जुन्या हजेरीपटात मी तिचे शब्द लिहीत होते. दोन रकाने आखले, डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी. 'पा' डावीकडे, 'चीटी' उजवीकडे. 'दूध' कुठे लिहायचं यावर मुलाशी वाद झाला. पावसाळा लागला तसे शब्द इतक्या वेगाने येऊ लागले की मी मागे पडले. एका सकाळी अंगणात कडुनिंबाखाली पिवळा सडा पडला होता. तिने एक उचलून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "बोई." मी थांबले. दहापर्यंत मोजलं. पलीकडून भाभीजी म्हणाल्या, "अरे वाह, निंबोली!" मी म्हटलं, निंबोळी. नातीने दोघींकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाली, "बोई." वही उघडून बराच वेळ बसले. शेवटी मधली रेघ खोडरबराने पुसली आणि दोन्ही रकान्यांवर तो शब्द आडवा लिहून टाकला.