किलोच्या भावाने

रविवारी सकाळी आम्हा दोघा भावांना शोधायला कुणी घरी येत नाही. ज्याचे काम असते तो सरळ मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात येतो. बुधवार आणि रविवार हे तिथले बाजाराचे दिवस. शाहीर अमर शेख चौकाच्या आसपास ताडपत्र्या अंथरलेल्या असतात आणि त्यांवर पाने, पक्कड, कानशी, ड्रिलचे तुकडे, गंजलेले व्हाईस यांचे ढीग पडलेले असतात. बार्शीचे मेहबूब पटेल अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कामगारवस्त्यांतून त्यांचा आवाज घुमला. त्यांच्या नावाच्या चौकाजवळ कामगारांचीच हत्यारे विकायला यावीत, हे आम्हाला दर वेळी जाणवते.

अब्बा टर्नर होते. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षे एकाच लेथवर काम केले. कारखाना बंद पडला तेव्हा यंत्रांचा लिलाव झाला. आपली लेथ आपणच घ्यावी असे अब्बांच्या मनात होते, पण हिशेबाचे पैसे हातात पडले नव्हते आणि घरात आम्ही खाणारी तोंडे होतो. ती लेथ भंगाराच्या भावाने तोलली गेली. त्या दिवशी घरी येऊन अब्बा एवढेच म्हणाले, "तौल के ले गए." पुढे कितीतरी वर्षे त्यांनी तो विषय काढला नाही. आम्ही मात्र तो विसरलो नाही. घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड टाकली, ती त्या चार शब्दांपायी.

नवी हत्यारे घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून बाजार पाहायला शिकलो. शिकवणारे अब्बाच. त्यांचा पहिला धडा असा, "हाथ फेरके देखो, आंख धोका देती." रंग नवा दिसला की ते आधी नखाने खरवडत. बिडाच्या वस्तूला तडा गेला असेल तर रंगाखाली तो दडतो, म्हणून व्हाईस घेताना ते त्यावर छोट्या हातोडीने टिचकी मारून पाहत. चांगले बीड खणखणते, तडकलेले बद्द वाजते. मग व्हाईसचा स्क्रू पूर्ण बाहेर काढून आतल्या नटाचे आटे पाहायचे. जबड्यांच्या पट्ट्या झिजल्या असतील तर हरकत नाही, त्या बदलता येतात. नट गेला असेल तर मात्र घासाघीस करण्यात अर्थ नाही.

मायक्रोमीटर बंद करून शून्यावर येतो का पाहायचे, आणि दोन तोंडांमधून उजेड दिसतो का तेही. शून्य सरकले असेल तर ते जुळवता येते. तोंडेच वाकडी झिजली असतील तर नाही. ड्रिल बोथट असले तरी घ्यावे, ग्राइंडरवर 118 अंशांची धार पुन्हा लावता येते. टॅपचा एक जरी दाता तुटला असेल तर तो ठेवून द्यावा. कानस जुनी घेऊ नये, नवीच घ्यावी. मात्र झिजलेली कानस उत्तम पोलादाची असते, तिचे स्क्रेपर छान होते. पोलाद कोणते याची शंका आली तर दगडावर धरावे. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटतात. हायस्पीडच्या ठिणग्या लालसर, मंद आणि मोजक्या. एवढे कळले की दहा रुपयांच्या ढिगातून शंभराची वस्तू निघते. तसे पाहिले तर स्वस्त माल असा नसतोच. जो ओळखू शकतो त्याला तो स्वस्त पडतो.

टाकलेल्या यंत्रावर गरिबाचा संसार उभा राहावा, ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर मालेगावला आले ते हातमाग घेऊन. पुढे मालेगावात आणि भिवंडीत यंत्रमाग आले, त्यांतले कितीतरी मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. गिरणीच्या लेखी ते भंगार होते. विणकराच्या घरी त्यावर चूल पेटली. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली. संगणकावर चालणाऱ्या लेथ आल्या तशा कारखान्यांतल्या जुन्या हातलेथही कोपऱ्यात गेल्या. आज जुन्या बाजारात दिसणारे बहुतेक हत्यार असे कुठल्यातरी बंद दारातून बाहेर आलेले असते.

याची खूण हत्यारांवरच असते. कामगार आपल्या हत्यारावर अक्षरांच्या ठोक्यांनी नावाची आद्याक्षरे उमटवतात, चोरी होऊ नये म्हणून. आमच्या पेटीत अशी अनोळखी अक्षरांची नऊ-दहा हत्यारे आहेत. त्यांतला एक गुण्या इतका काटेकोर आहे, की त्याच्या मालकाने तो कधी खाली पडू दिला नसावा. ती अक्षरे घासून काढून आपली ठोकावीत असे आम्हाला कधी वाटले नाही.

भाव करण्याची अब्बांची एक रीत होती. दुकानदाराशी ते तासभर हुज्जत घालत. पण समोर स्वतःची पेटी विकायला बसलेला माणूस असेल तर सांगितले तेवढे देत, नाहीतर न घेता उठत. आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, "माल गिरा हो तो भाव गिराओ. आदमी गिरा हो तो नहीं."

लेथ मिळाली 2016 साली, कुदळवाडीत. चिखलीजवळच्या या भागात तेव्हा भंगाराची गोदामे आणि छोटी वर्कशॉपे खेटून उभी होती. साडेचार फुटी, पट्ट्यावर चालणारी, पंजाबात बटाल्याला ओतलेली लेथ पावसात उघडी पडली होती. गोदामवाला उत्तर प्रदेशचा. त्याने आपणहून सांगितले, "चाचा, ऐब बता देता हूं. क्रॉस स्लाइड ढीली है, और एक गिअर गायब है."

अब्बांना तेव्हा नीट दिसत नव्हते. त्यांनी बेडवरून तळवा फिरवला. लेथचे बेड चकच्या बाजूला जास्त झिजते, कारण बहुतेक काम तिथेच होते. टेलस्टॉककडचा भाग जवळजवळ कोरा राहतो. म्हणून त्यांनी कॅरेज चकजवळ आणून घट्ट बसवायला लावली आणि मग टेलस्टॉककडे फिरवली. झीज फार असेल तर कॅरेज पुढे जाऊन अडकते. ती शेवटाकडे किंचित जड झाली, पण अडकली नाही. मग चकमध्ये लांब सळई धरून वर उचलून पाहिली. बेअरिंगमध्ये ढिलाई असती तर हाताला कळली असती. चकच्या तिन्ही जबड्यांवरचे आकडे जुळतात का ते आम्हाला वाचायला लावले. शेवटी हात पुसत म्हणाले, "बूढी है, बीमार नहीं."

वजनाने घेतली असती तर निम्म्या पैशांतही मिळाली असती, कारण गोदामवाला ती दुसऱ्या दिवशी फोडून भट्टीला पाठवणार होता. अब्बांनीच त्याला सांगितले, "मशीन बोलके बेच, लोहा बोलके नहीं." सौदा 42,000 रुपयांवर ठरला. टेम्पो, चार माणसे आणि साखळीचा कप्पा यांचा खर्च वेगळा. थ्री फेज मोटार घरच्या विजेवर चालत नाही, म्हणून एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार बसवली. क्रॉस स्लाइडचा नट अब्बांनी शेजारी बसून आमच्याकडून नवा करून घेतला.

पाच वर्षे ते रोज संध्याकाळी शेडमध्ये बसले. पाहत नसत, ऐकत. टूल घासत असेल तर आवाजावरून सांगत, "धार गई." मोहल्ल्यातल्या शिलाई मशीनचे शाफ्ट, रसवंतीच्या चरकाच्या पिना, एका मुलाच्या चाकाच्या खुर्चीचे बुश अशी कामे त्या लेथवर झाली. 2021 मध्ये अब्बा गेले. लेथ चालू आहे.

कुदळवाडी मात्र राहिली नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथली हजारो बांधकामे अनधिकृत म्हणून पाडली गेली. गोदामवाल्याचा फोन लागत नाही. कायद्याचा वाद आम्ही इथे घालत नाही. यंत्र भट्टीत जाण्याआधी त्याला हात लावून पाहता येईल अशी एक मोठी जागा गेली, एवढे आम्हाला कळते. आणि नुसत्या तळव्याने यंत्र वाचणारी माणसेही आता मोजकीच उरली आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरी माळ्यावर कुणाची हत्यारांची पेटी पडून असेल, तर ती रद्दीबरोबर तोलून देण्याआधी एकदा उघडा. त्यावरची अक्षरे कुणाची आहेत ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. विकायचीच असेल तर हत्यार म्हणून विका. घेणारा कुठेतरी शोधत असतो.

आम्हीही शोधतोच आहोत. आमच्या लेथला नसलेला तो गिअर 127 दात्यांचा आहे. लीड स्क्रू इंचाचा, आणि हल्लीचे बहुतेक आटे मिलिमीटरचे. पाच इंच म्हणजे बरोबर 127 मिलिमीटर, म्हणून इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे तर हाच गिअर लागतो. तो एकटाच कुठल्यातरी ताडपत्रीवर पडला असेल आणि विकणाऱ्याने त्याचा भाव किलोने सांगितला, तर आम्ही तो किलोने घेणार नाही.