गाठींच्या वाटेने मुंबईत

यवतमाळहून मुंबईला जायचं तर आधी एसटीने धामणगाव गाठावं लागतं. तिथून विदर्भ एक्स्प्रेस. आम्ही तिघे जिनिंगमध्ये रुईची प्रत पाहणारे. मुंबईचं काम होतं माटुंग्याला, कापसाची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेत. ही संस्था १९२४ सालची. थैलीत रुईच्या नमुन्यांच्या पुड्या, डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तिघांपैकी कुणीच याआधी मुंबई पाहिली नव्हती.

आपला कापूस मात्र आपल्या फार आधी तिथे पोहोचला होता. शकुंतला रेल्वेचा अडीच फुटी रूळ इंग्रजांच्या काळात पडला तो मुख्यतः त्याच्यासाठीच. यवतमाळच्या गाठी मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला, आणि पुढे जहाजाने विलायतेला.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. इमारतींपेक्षा वेगळ्याच गोष्टीने चकित झालो. आपल्याकडे बाजारात निघालं की दहा जण सलाम नाहीतर रामराम घालतात. इथे एवढ्या गर्दीत कुणी वळूनही पाहिलं नाही. मामूंना त्याचं वाईट वाटलं. आम्हा दोघांना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत जोहरची नमाज पढलो. १८०२ मध्ये पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. जागेच्या कोकणी मालकाने तलाव बुजवायचा नाही, या अटीवरच जागा दिली, असं सांगतात. पायऱ्या उतरून वुजू करताना पाण्यात मासे फिरताना दिसतात. उन्हाळ्यात नळाची वाट पाहत दिवस मोजणारे आम्ही यवतमाळकर. त्या हौजापाशी बराच वेळ बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी हार्बरची लोकल धरली. पहिलंच स्टेशन मस्जिद. नाव ऐकून मामू खूश झाले, पण ते नाव पडलं जवळच्या बेने इस्रायली यहुद्यांच्या प्रार्थनास्थळावरून. तेही आपल्यासारखेच घरचे मराठी बोलणारे, आणि आपल्या प्रार्थनास्थळाला ते मशीदच म्हणत. पुढे कॉटन ग्रीन आलं. एके काळी देशभरच्या गाठी इथल्या गोदामांत उतरत आणि भाव इथे ठरे. खिडकीतून आम्हाला दिसल्या त्या जुन्या भिंती आणि नवे टॉवर. कापूस कुठेच दिसला नाही.

माटुंग्याला मामूंनी नेहमीप्रमाणे चिमूटभर रुई घेतली, दोन्ही हातांच्या बोटांनी ओढली आणि म्हणाले, "अठ्ठावीस मिलिमीटर." यंत्रानेही जवळजवळ तेच सांगितलं. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. पण यंत्र तेवढ्यावर थांबलं नाही. तंतूची ताकद, जाडी, पक्वता असे आकडे मिनिटभरात कागदावर आले. आता गिरणीवाले सौदा याच कागदावर करतात. बोटांच्या अंदाजाला भाव नाही. तीस वर्षं मामूंचं घर याच बोटांवर चाललं आहे.

मामूंनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि तिथल्या साहेबांना विचारलं, "माझा नातू बारावी सायन्सला आहे. त्याला हे यंत्र शिकता येईल का?"

"येईल की," साहेब म्हणाले. "पण चाचा, त्याला बोटांनी बघायलाही शिकवा. यंत्र चुकलं तर ओळखणार कोण?"

रात्री गाडीत मामूंनी नातवाला फोन लावला.