केळशी राहून गेली

दिवेआगर आणि हरिहरेश्वर गर्दीत उरकलं, त्याबद्दल लिहावंसं काही नाही. बागमांडल्याच्या फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली. मुक्काम केळशीला ठरला होता, वेळासला थांबलो ते फक्त जेवणापुरते. पेशवाईचा कारभार सांभाळणाऱ्या नाना फडणविसांचं हे मूळ गाव. एवढा मोठा माणूस देणाऱ्या गावात आज ना दुकानांची रांग, ना हॉटेलांच्या पाट्या. मला तेच आवडलं.

ज्यांच्या घरी जेवलो त्या काकूंनी ओल्या काजूची उसळ वाढली. मसाल्याच्या तिखटात बुडवलेलं शहरातलं कोकणी जेवण मला कधीच रुचलं नाही. इथे काजूची चव काजूचीच होती. सोलकढी ओतताना काकू म्हणाल्या, "संध्याकाळी टोपली उचलतील. कासवांची पिल्लं निघायची वेळ झालीय. बघूनच जा." केळशी राहिली.

सुरूच्या बनापलीकडे जाळीचं कुंपण होतं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. पूर्वी ही अंडी माणसं नेत, कोल्हे-कुत्रे उकरत. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने गावकऱ्यांना घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात आणून पुरतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर.

घरटी राखणाऱ्या कासवमित्राने घरट्यावरची टोपली उचलली. खाली काळपट, तळहातात मावतील अशी पिल्लं वळवळत होती. ती थेट पाण्यात सोडत नाहीत, वाळूवरून त्यांची त्यांनी जायचं. एक पिल्लू लाटेने उलटं फेकलं. ते पाय मारत राहिलं, सरळ झालं, पुन्हा निघालं. माझा श्वास अडकला होता.

तेवढ्यात मागून कोणीतरी मोबाईलचा दिवा लावला. दोन पिल्लं थबकली आणि दिव्याकडे वळली. समुद्रावरचा उजेड पाहून ती दिशा धरतात. कासवमित्र शांतपणे म्हणाला, "दादा, दिवा बंद करा. दोरीच्या मागे या." मला तेवढं शांत राहता आलं नाही, मी त्या माणसावर ओरडले. अजूनही वाटतं, बरोबरच केलं.

मार्चच्या सुमारास वेळासला जरूर जा. गावकऱ्यांच्याच घरी उतरा, दोरीच्या मागे उभे राहा आणि मोबाईलचा दिवा लावू नका.